फुटबॉलच्या प्री-सीझनला पोरं पळवायची का पिकनिकला न्यायची? आमचा सहा आठवड्यांचा पूर्ण प्लॅन

मे संपत आला, म्हणजे मॅचेसच्या आधीची तयारी, प्री-सीझन जवळ आला, की आमच्या नाशिकच्या कट्ट्यावर दरवर्षी हाच वाद. जुनी मंडळी म्हणतात आजकालची पोरं नाजूक झालीत, पांडवलेणीच्या पायऱ्या दहादा चढवा, उलट्या होईस्तोवर पळवा, मग बघा सीझनला कशी खेळतात. दुसरी पार्टी म्हणते हे सगळं जुनं झालं, आता टीम बाँडिंग पाहिजे, एक रविवार गंगापूर डॅमच्या बाजूला कुठेतरी जाऊ, दोन-चार गेम, मटण-भाकरी, पोरं आपोआप एक होतील. मी बरीच वर्षं सीनियर मुलांची फुटबॉल टीम बघतोय, दोन्ही प्रकार मनापासून करून झालेत आणि दोन्हीत चुकाही झाल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कोणी नवीन टीम हातात घेतली असेल तर त्याला पहिल्याच वर्षी कामाला येईल.

आमची परिस्थिती आधी सांगतो. बावीस पोरं, निम्मी कॉलेजची, बाकीची अंबड-सातपूरला कंपनीत शिफ्टला जाणारी. फिजिओ नाही, जीपीएसवालं जॅकेट नाही, एक शिट्टी, वीस कोन, दोन रंगांचे बिब (टीम ओळखायला वरून घालायची बिनबाह्यांची जाकिटं) आणि एक वही. आमच्या मॅचेस भर पावसाळ्यातच सुरू होतात, त्यामुळे जूनचा पहिला आठवडा ते जुलैचा मध्य एवढाच वेळ हातात असतो.

आता हा वाद मुळात येतो कुठून, तर मोठ्या क्लबांच्या व्हिडिओतून. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबची टीम दक्षिण कोरियात सोलला गेली होती, कॉन्टे कोच आणि व्हेंत्रोने म्हणून त्यांचा फिटनेस ट्रेनर, त्याने सेशन संपल्यावर पोरांना ग्राउंडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इतकं पळवलं की त्यांचा स्टार खेळाडू सॉन जमिनीवर आडवा झाला आणि हॅरी केनला उलटी झाली. तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर निदान दहा वेळा फिरला, आणि प्रत्येक वेळी खाली एकच कमेंट, याला म्हणतात ट्रेनिंग. पण त्या पोरांच्या मागे लहानपणापासूनचं ट्रेनिंग असतं, बाजूला डॉक्टर उभे असतात, आणि ते एक सेशन अख्ख्या प्लॅनमधला एक तुकडा असतो हे व्हिडिओत दिसत नाही. त्या सीझनला टॉटनहॅम लीगमध्ये आठवी आली, कॉन्टे मार्चमध्येच क्लब सोडून गेले. त्याचा दोष त्या पळण्याला देणं चूक आहे, पण मग नुसत्या उलट्यांना श्रेय तरी कसं द्यायचं. उलट बाजूनेही प्रामाणिकपणे बोलतो, जर्मनीत फेलिक्स मागाथ हा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) घेऊन पोरांना टेकडीवर चढवणारा कोच, खेळाडू त्याच्या नावाने कुरकुरायचे, आणि त्याच माणसाने वोल्फ्सबुर्ग क्लबला २००९ मध्ये बुंडेसलीगा, म्हणजे तिथली सगळ्यात वरची लीग, जिंकून दिली. म्हणजे कष्ट लागतातच, त्यात वाद नाही.

मला इतक्या वर्षांत जे कळलंय ते असं, की कष्ट मोजून द्यावे लागतात आणि एकी कामातून करून घ्यावी लागते. जिथे एकाचं काम दुसऱ्यावाचून अडतं तिथे पोरं बोलायला लागतात, नुसतं शेजारी बसवून बोलत नाहीत. खालचा सगळा प्लॅन त्यावरच उभा आहे.

पहिलं काम, वहीची दोन पानं

पहिल्या तीन दिवसांत काहीच कठीण करायचं नाही, फक्त लिहायचं. पहिल्या पानावर शरीर. प्रत्येकाचं वजन, जुनी दुखापत, शिफ्ट कुठली, सुट्टीत किती खेळला. मग दम मोजायची यो-यो टेस्ट घ्या, डेन्मार्कच्या येन्स बँग्सबोंनी बनवलेली, लेव्हल वन पुरते. २० मीटर जायचं, २० मीटर यायचं, मग १० सेकंद चालत आराम, बीपचा वेग वाढत जातो, दोनदा बीप चुकला की बाहेर. बीपचा ऑडिओ मोबाईलवर मिळतो, एक ब्लूटूथ स्पीकर लागतो बस. फुटबॉल म्हणजे पळा-थांबा-परत पळा, म्हणून हीच टेस्ट बरी.

दुसऱ्या पानावर माणसं. हे कोणी करत नाही आणि माझ्या मते हेच जास्त महत्त्वाचं. वॉर्म-अपला कोण कोणाबरोबर जोडी लावतो, कोण कोणाच्या गाडीवर मागे बसून येतो, पाणी प्यायला कोण एकटा जातो. आणि वीस मिनिटांची प्रॅक्टिस मॅच लावून पासचा हिशोब, एकाला बाजूला बसवा आणि कोणी कोणाला किती पास दिले याच्या उभ्या रेघा मारायला सांगा. आमच्याकडे एकदा असं निघालं की दोन्ही स्टॉपर, म्हणजे मधले डिफेंडर, ज्यांनी सगळ्यात जास्त बोलायला पाहिजे ते, त्यांनी वीस मिनिटांत एकमेकांना एकच पास दिला. एक नाशिकरोडचा, एक सिडकोचा, भांडण असं काही नव्हतं, पण ओळखच नव्हती. अशा टीमला नुसतं पळवून काय होणार, आणि रिसॉर्टला नेलं तरी तिथेही दोन टेबलांवर बसतील. बसलेच होते. त्र्यंबक रोडला एका ठिकाणी दिवसभर नेलं होतं मी, पैसे बऱ्यापैकी गेले, नाशिकरोडवाले स्विमिंग पूलमध्ये, सिडकोवाले कॅरमवर, संध्याकाळी जसे आलो तसे परत गेलो.

पहिले दोन आठवडे, पाया आणि ऊन

इथे घाई करायची नाही म्हणजे नाही. सुट्टीत तीन-चार आठवडे बसलेल्या पोराचा दम बराच उतरलेला असतो आणि ते त्याला स्वतःलाही माहीत नसतं, मनाने तो मागच्या सीझनचाच असतो. सकाळी सहाला ग्राउंडवर, साडेसातला बंद. उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात, तोवर दुपारी काहीही नाही.

हे मी अनुभवाने बोलतोय. चार वर्षांपूर्वी मी साडेचारला सेशन ठेवलं होतं, पाऊस लांबलेला, जमीन तापलेली, आणि शटल रन, म्हणजे दोन खुणांमध्ये जा-ये पळणं, लावले. एक पोरगा नाइट शिफ्ट करून, दोन तास झोपून आला होता, मी विचारलंच नव्हतं. आठव्या-नवव्या शटलनंतर तो वाकडा चालायला लागला, मी ओरडलो पूर्ण कर, अजून दोनच आहेत. तो खाली बसला. ग्राउंड कुठलं विचारलं तर घराचा पत्ता सांगत होता. अंग इतकं गरम की हात लावल्यावर मला घाम फुटला. ग्राउंडमनने झाडांना पाणी द्यायचा पाइप आणला, सावलीत आडवा करून पंधरा मिनिटं अंगावर पाणी धरलं, मग दवाखाना. पोरगा वाचला, आजही खेळतो, पण ते वाक्य, अजून दोनच आहेत, ते मी विसरलेलो नाही.

म्हणून हे पाठ करा. खेळताना पोरगा बरळायला लागला, तोल जायला लागला, अंग तापलं, तर तो हीट स्ट्रोक समजायचा. १०८ ला फोन, आणि गाडीची वाट बघत बसायचं नाही, तिथल्या तिथे गार पाणी, बर्फ, जे असेल त्याने आधी अंग थंड करायचं. अमेरिकन फुटबॉलमध्ये कोरी स्ट्रिंगर म्हणून मिनेसोटा व्हायकिंग्सचा खेळाडू होता, २७ वर्षांचा, ३१ जुलै २००१ ला कॅम्पमध्ये उन्हात कोसळला आणि १ ऑगस्टला गेला. पुढे खेळाडूंबरोबरच्या २०११ च्या करारात त्या लीगने पूर्ण पॅड घालून दिवसातून दोनदा सराव बंद केला. पैशाला काही कमी नाही तिथे ही गोष्ट घडली, आपल्याकडे तर साधी ॲम्ब्युलन्स उभी नसते.

वजनाचा काटा ग्राउंडवर ठेवा. सेशनच्या आधी आणि नंतर वजन, दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट म्हणजे पाणी कमी पडतंय. साधं लिंबू-मीठ-साखर पाणी चालतं, कॅन भरून ठेवायचं काम रोज वेगळ्या दोघांना द्या, आणि ते दोघे दुसऱ्या पानावर बघूनच निवडा, जे कधी बोलत नाहीत ते.

कष्ट मोजायचे कसे, तर याला मशीन लागत नाही. सेशन संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारा शून्य ते दहामध्ये किती दमलास, त्याला मिनिटांनी गुणा. ६० मिनिटं आणि उत्तर ६ तर ३६० झाले. आठवड्याची बेरीज करा, पुढच्या आठवड्याला मी अंदाजे दहा टक्के वाढवतो, फार तर पंधरा. नाइट शिफ्टवाल्याचा आकडा सारख्याच सेशनला मोठा येतो, आणि मग कळतं की सगळ्यांना एकच माप लावणं किती चूक आहे. त्या पोरांना मी त्या आठवड्यात एक सेशन कमीच देतो, बाकीच्यांना कारण सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे याला सूट का असं कोणी मागून बोलत नाही.

वॉर्म-अप मात्र पहिल्या दिवसापासून दुखापती टाळायला बनवलेला फिफा इलेव्हन प्लसच, २० मिनिटं, १५ व्यायाम, व्हिडिओ फुकट आहेत. त्यातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, म्हणजे गुडघ्यावर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि सरळ पुढे झुकत जायचं, तो टाळू नका. पोरं कंटाळतात पण मांडीच्या मागची नस ओढली जाणं यानेच कमी होतं. आणि घोटे धरायला जोडीदार लागतोच, तो कोण हे तुम्ही ठरवा.

तिसरा-चौथा आठवडा, इथे खरे कष्ट

आता जुन्या मंडळींचं ऐकायचं. नाशिकला पळायची मोठी परंपरा आहे, सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या कॉमनवेल्थला १०,००० मीटरमध्ये ब्राँझ आणलं, पहाटे गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर गेलात तर चालणारे-पळणारे केवढे दिसतात. त्यामुळे आपल्याकडे फिटनेस म्हटलं की लांब पळवणं हेच डोक्यात येतं. पण फुटबॉलवाला ९० मिनिटांत दहा-बारा किलोमीटर कापतो ते तुकड्या-तुकड्यात, मध्ये स्प्रिंट, वळणं, उड्या. एका वेगाने गोल फेऱ्या मारून ते येत नाही.

आठवड्यातून दोनदा चार बाय चार करा. ४ मिनिटं जोरात, ३ मिनिटं हळू जॉगिंग, असे ४ राउंड. जोरात म्हणजे दोन-तीन शब्दांच्या वर बोलता येऊ नये इतकं. नॉर्वेत ज्युनियर फुटबॉलवाल्यांवर हे ८ आठवडे करून बघितलं होतं, २००१ मध्ये ते छापून आलं, मॅचमध्ये कापलेलं अंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. यातला एक दिवस मी पळवण्याऐवजी ४ विरुद्ध ४ लावतो, ३० बाय २५ मीटरच्या चौकोनात, गोलकीपर नाही, बॉल बाहेर गेला की लगेच दुसरा आत. दम तेवढाच लागतो आणि न बोलता खेळताच येत नाही. टीम्स मीच पाडतो. दोन्ही स्टॉपर एकीकडे, आणि नियम असा की पास देताना नाव घ्यायचं, नाव नाही घेतलं तर बॉल समोरच्यांना. पहिल्या दिवशी कानाला विचित्र वाटतं, आठ दिवसांनी पोरं नियम नसतानाही नावं घेतात.

पांडवलेणी आठवड्यातून एकदाच, सोमवारी पहाटे. वर जाताना जोरात, खाली येताना चालत, कारण उतरतानाच गुडघे आणि मांड्या जास्त मार खातात. तीन वेळा पुरे. तिथे सकाळी ज्येष्ठ मंडळी फिरायला येतात, त्यांना वाट द्यायची, रांगेत चढायचं, उजवी बाजू मोकळी ठेवायची. आणि पाऊस लागला की पायऱ्या बंद, दगड निसरडे होतात, त्या दिवशी शेडमध्ये सूर्यनमस्कार आणि दंड-बैठका.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, शिक्षा म्हणून पळवू नका. उशिरा आला, मार वीस फेऱ्या, हे मी पूर्वी करायचो. त्याने आठवड्याचा सगळा हिशोब बिघडतो आणि पळणं म्हणजे अपमान असं पोराच्या मनात बसतं. झेपेल त्यापेक्षा जास्त पळवल्याने लघवी कोकसारखी काळपट झाली तर स्नायू तुटून किडनीवर ताण आलाय, तेव्हा घरी झोपवायचं नाही, तडक डॉक्टर.

एकीची कामं

आता फक्कीची, म्हणजे रेषा मारायच्या पांढऱ्या पावडरची गोष्ट. आमच्या ग्राउंडवर रेषा आम्हीच मारतो. त्या दोन स्टॉपरना मी तिसऱ्या आठवड्यात सांगितलं, शनिवारी संध्याकाळी पूर्ण पेनल्टी बॉक्स तुम्ही दोघांनीच मारायचा, मी येणार नाही. दोरी दोन टोकांनी धरावी लागते, एकाने सैल सोडली की रेघ वाकडी. गोलपोस्टपासून साडेसोळा मीटर बाजूला, साडेसोळा मीटर पुढे, टेप मध्ये फिरतो, वारा आला की फक्की उडते. रविवारी सकाळी आलो तर डावी बाजू हातभर तिरकी. टीमच्या सगळ्यांनी बघितलं, ते दोघेही बघत उभे राहिले, मग सिडकोवाला म्हणाला, दादा, दोरी माझ्याकडून ढिली झाली. आणि नाशिकरोडवाला लगेच, नाही दादा, मी खुंटीच चुकीची ठोकली होती. मी काही बोललो नाही. त्यांनी ती पुसून परत मारली, पोरं वॉर्म-अप करत होती तोवर. त्या दिवशीच्या प्रॅक्टिस मॅचला मागून आवाज यायला लागले, सोड, माझा, वर ये.

तर काम असं निवडा ज्यात दोघांवाचून होत नाही, काम खरं आहे आणि चुकलं तर दिसतं. गोलची जाळी शिवणं, चिखल झाल्यावर चर खणून पाणी काढणं (आपली काळी माती, एक पाऊस झाला की बुटाला किलोभर चिकटते), टेम्पो ठरवणं, मिसळ करणं. हो, मिसळ. चौथ्या आठवड्याच्या रविवारी आम्ही बाहेर जात नाही, एका पोराच्या घरच्या गच्चीवर स्वतः करतो. मटकी आदल्या रात्री कोण भिजवणार, वाटण कोण करणार, पाव कोण आणणार, सगळं वाटून. इंग्लंडच्या लेस्टर क्लबचे कोच रानिएरींनी २०१५ मध्ये पोरांना सांगितलं होतं की एक मॅच गोल न खाता काढा, मी पिझ्झा देतो. क्रिस्टल पॅलेसला १-० हरवल्यावर त्यांनी नेलं खरं, पण पिझ्झा पोरांना स्वतःच्या हाताने करायला लावला. त्याच सीझनला लेस्टर प्रीमियर लीग जिंकली. पिझ्झ्यामुळे जिंकली असं कोण म्हणेल, पण मला त्यातला क्रम आवडतो, आधी मैदानावर काम, मग सगळे एका टेबलाशी, आणि तिथेही हात चालू.

बाहेर न्यायचंच असेल तर कोच क्लॉपची जर्मनीतली माइन्झ टीम डोळ्यांसमोर ठेवा. २००४ मध्ये बुंडेसलीगात पहिल्यांदा चढल्यावर त्याने टीमला स्वीडनमध्ये एका तळ्यावर पाच दिवस नेलं, वीज नाही, सोबत जेवण नाही, मासे धरा आणि खा. लोकांना वेडेपणा वाटला, पण तिथे प्रत्येकाला दुसऱ्याची गरज होती. आपण अंजनेरीला एक दिवस चढून जाऊ शकतो, सामान वाटून घ्यायचं, सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. पावसाळ्यात धबधब्यात, डॅमच्या पाण्यात उतरायचं नाही, यावर चर्चाच नाही.

आणि याची घातक बाजूही आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या ॲडलेड क्रोजने २०१७ ची फायनल हरल्यावर जानेवारी २०१८ मध्ये मन घट्ट करायचा म्हणून कॅम्प घेतला, बाहेरचे लोक बोलावून. एडी बेट्स या त्यांच्या खेळाडूने नंतर सांगितलं की विश्वासाने सांगितलेल्या घरच्या गोष्टी तिथे त्याच्यावरच ओरडायला वापरल्या. टीम त्या वर्षी बाद फेरीलाही पोचली नाही, क्लबला २०२२ मध्ये माफी मागावी लागली. म्हणून सगळ्यांसमोर मनातलं बोला, रडा, असले गेम पोरांना करायला लावू नका. ज्याला बोलायचंय तो मटकी निवडताना बोलतो.

पाचवा-सहावा आठवडा

कष्टाचा आकडा आता खाली आणायचा, मी तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या साधारण निम्म्यावर आणतो. जोर तसाच, वेळ कमी. दोन प्रॅक्टिस मॅचेस बाहेरच्या टीमबरोबर, चिखलात झाल्या तरी चालतील. यो-यो परत घ्या, आणि पासचा हिशोबही परत, त्याच माणसाला बसवून, त्याच वीस मिनिटांचा. आमच्या त्या दोन स्टॉपरचा आकडा त्या वर्षी एकावरून अकरावर गेला. ज्या जोडीचा आकडा हलला नाही त्यांना पुढच्या महिन्यात पाण्याच्या कॅनवर, जाळीवर, टेम्पोवर एकत्र टाका, सीझन सुरू झाला म्हणून हे काम थांबवायचं नाही.

पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी ट्रेनिंग चाळीस मिनिटं, मग बुटांचे स्टड धुऊन वाळवायला पंख्याखाली ठेवा, नाइट शिफ्टवाल्याने कंपनीत सुट्टी टाकली का ते स्वतः फोन करून विचारा, त्याला सकाळी उठवायचं काम त्याच्या जोडीदाराकडे द्या. आणि संध्याकाळी फक्की.